तेलरंग, घरातला स्टुडिओ आणि वाळण्याचं गणित

कच्चा_अंबर (धागाकर्ता)

तेलरंगावर पोट असणाऱ्याची फजिती सहसा रंगवताना होत नाही, रंग वाळताना होते. चित्र हातावेगळं झालेलं असतं, द्यायची तारीख तोंडावर आलेली असते आणि कपाळावरचा पांढरा अजून बोटाला लागत असतो. त्यात स्टुडिओ म्हणजे राहत्या घरातली एक खोली. ओलं चित्र, स्पिरिटचा (रंग पातळ करायच्या द्रावकाचा) वास, तेलाने माखलेल्या चिंध्या, ग्राहकाचे फोन आणि बिऱ्हाड, सगळं एका छपराखाली. या धाग्यात तेवढंच बोलू: ऑर्डर घेतल्यापासून चित्र उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत कुठे काय अडतं आणि त्याला उपाय काय. 'सुचत नाही' हे दुखणं वेगळं, त्याला वेगळा धागा काढा.

आधी मुळातली गोष्ट. जलरंग वाळतो म्हणजे पाणी उडून जातं. तेलरंगात उडून जाण्यासारखं फारसं काही नसतंच. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्याच्या रेणूंची जाळी विणली जाते. सुरुवातीला थराचं वजन कमी होण्याऐवजी थोडं वाढतं. म्हणून उजेड, ऊब आणि खेळती हवा मिळाली तर रंग लवकर वाळतो. बंद, दमट, अंधाऱ्या खोलीत तोच थर रेंगाळतो. टर्पेंटाइन भरपूर घातलं की लवकर वाळतं हाही गैरसमज. टर्पेंटाइन उडतं, तेल मागे उरतंच. थर पातळ पडलेला असतो म्हणून लवकर वाळल्यासारखा वाटतो, इतकंच.

दुसरं, सगळे रंग एका वेगाने वाळत नाहीत. पातळ थर आणि २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान धरलं तर बर्न्ट अंबर, रॉ अंबर आणि प्रशियन ब्लू साधारण २ दिवसांत हाताला लागेनासे होतात. अंबरमधलं मँगनीज हे काम करतं. ओकर, अल्ट्रामरीन यांना ५ दिवसांच्या आसपास धरा. कॅडमियमचे पिवळे-तांबडे, अलिझरिन क्रिम्सन आणि टिटॅनियम व्हाइट याहून मागे. पांढरा पिवळा पडू नये म्हणून बऱ्याच कंपन्या तो करडईच्या किंवा खसखशीच्या तेलात घोटतात, आणि ही तेलं जवसापेक्षा सावकाश वाळतात. म्हणजे व्यक्तिचित्रात जिथे रंग सगळ्यात जाड (कपाळ, नाकाचा शेंडा, कॉलर) नेमका तिथेच सगळ्यात आळशी रंग.

आता ६० × ७५ सेंमीच्या व्यक्तिचित्राचं वेळापत्रक मांडून बघा. पहिले ३ दिवस रेखाटन आणि ग्राहकाची लेखी मान्यता. चौथ्या दिवशी बर्न्ट अंबरचं पातळ अंडरपेंटिंग (सगळ्या रंगांखालचा पहिला थर), त्याला २ दिवस. सातव्या दिवशी रंगाचा पहिला थर, त्याला ७ दिवस. पंधराव्या दिवशी दुसरा थर, त्याला ९-१०. पंचविसाव्या दिवशी शेवटचा हात, आणि नंतर चित्र पॅक करण्याजोगं होईपर्यंत किमान ३ आठवडे. झाले ४६ दिवस. प्रत्यक्ष कुंचला हातात असलेले तास यात पंचवीस-तीस धरले तरी ग्राहकाला तारीख सांगताना ८ आठवडेच सांगायचे. "महिनाभरात देतो" असं तोंडातून निघालं की पुढचं सगळं बिघडतं.

यातले मधले दिवस रिकामे जाऊ नयेत म्हणून एका वेळी ३ चित्रं, आठ-आठ दिवसांच्या अंतराने सुरू केलेली. एक अंडरपेंटिंगला, एक मधल्या थरात, एक वाळत. याहून जास्त घेतली की ओली चित्रं ठेवायला भिंत उरत नाही.

---

जवसाचा_थेंब

वेळापत्रक चोख. पण ते पाळायच्या घाईत थरांचा क्रम चुकला तर चित्र वेळेत जाईल आणि दोन वर्षांनी तडकून परत येईल.

खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. हे सगळ्यांना पाठ असतं, प्रमाण मात्र कुणी सांगत नाही. अंडरपेंटिंगला रंग आणि थोडं स्पिरिट, तेल अजिबात नाही. दुसऱ्या थराला शक्यतो ट्यूबमधला रंग तसाच. तिसऱ्याला मीडियम (रंगात मिसळायचं द्रव) लागलंच तर १ भाग स्टँड ऑइल (तापवून दाट केलेलं जवसाचं तेल) आणि २ भाग स्पिरिट. शेवटच्या ग्लेझला (पातळ, पारदर्शक थराला) १ भागास १ भाग. कुठल्याही थरात मीडियम रंगाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको. अंडरपेंटिंगमध्ये स्पिरिट इतकंही नको की रंग पाण्यासारखा ओघळेल. तेल फार विरळ झालं की रंगद्रव्य धरून ठेवायला काही उरत नाही आणि वाळल्यावर बोट फिरवलं तर पूड हाताला येते.

तडा का जातो? खालचा थर अजून आतून मऊ, हलता. वरचा त्याच्याआधी कडक झालेला. खालचा सरकला की वरचा फाटतो. आयव्हरी ब्लॅक किंवा अलिझरिनचा जाड थर खाली आणि त्यावर अंबर मिसळलेला थर, ही तडा मागून घेण्याची हमखास पद्धत. काळ्या पार्श्वभूमीवर घाईघाईने केस रंगवताना नेमकं हेच होतं.

दुसरा दोष सुरकुत्यांचा. तेल जास्त झालेला जाड गोळा वरून आधी धरतो. ती साय ऑक्सिजन घेऊन पसरू पाहते, पण खाली सगळं ओलंच. जागा नाही म्हणून ती दुधावरच्या सायीसारखी चुण्या घालून बसते. दाबली तर खाली लिबलिबीत. अशा वेळी वरून रंग चढवून काही साधत नाही. नाइफने खरवडून तेवढी जागा साफ करायची, कडा बोटाने बसवायच्या आणि वाळल्यावर पुन्हा रंगवायचं.

---

नवशिका

मग ड्रायर (रंग लवकर वाळवणारं रसायन) घालून सगळंच लवकर वाळवलं तर? आणि चित्र उन्हात ठेवलं तर?

---

जवसाचा_थेंब

बाटलीतला कोबाल्ट ड्रायर म्हणजे दुधारी शस्त्र. तो पृष्ठभाग आधी वाळवतो, आत ओलं राहतं. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही दोषांना आमंत्रण. थेंबभर जास्त झाला तर रंग काळवंडतो. शिवाय विषारी. घरातल्या खोलीत तो नसलेलाच बरा.

त्यापेक्षा अल्किड (लवकर वाळणाऱ्या कृत्रिम रेझिनचं) मीडियम. पातळ थर साधारण २४ तासांत हाताला लागेनासा होतो आणि आतपर्यंत सारखा वाळतो. पथ्यं तीन. वापरायचं तर खालच्या थरापासून वापरायचं, खाली साधा सावकाश रंग आणि वर अल्किड असं नाही. रंग एकदा चिकट व्हायला लागला की हात लावायचा नाही, नाहीतर कुंचल्याबरोबर डिंकासारख्या तारा निघतात आणि खालचा थरही उचकटतो. आणि त्यात स्पिरिट असतं, तेव्हा खिडकी उघडी. अंडरपेंटिंगसाठी अल्किड व्हाइट आणि वरच्या थरांत नेहमीचा टिटॅनियम, एवढ्यानेच वेळापत्रकातले चार-पाच दिवस सुटतात.

ऊन नको. थेट उन्हात गडद भाग तापतात, फोड येतात. खिडकीजवळचा पसरलेला उजेड पुरतो. हेअर ड्रायरने धूळ तेवढी छान चिकटते.

---

सुकलेलं_पॅलेट

उलटा प्रश्न: काम अर्ध्यावर टाकून उठावं लागलं तर पॅलेटवरचा रंग चार दिवस ओला कसा ठेवायचा? लवंगेच्या तेलाचा उपाय बराच ऐकायला मिळतो.

---

कच्चा_अंबर

लवंगेचं तेल वाळणं लांबवतं हे खरं. एका वाटाण्याएवढ्या रंगाला सुईच्या टोकावरचा थेंब, त्याहून जास्त नाही. पण ते रंगातच राहतं आणि थर दीर्घकाळ मऊ ठेवतं. ऑर्डरच्या कामात ८ आठवड्यांचे १२ करायचे असतील तर जरूर घाला.

सोपा उपाय थंडीचा. काचेचं किंवा प्लास्टिकचं पॅलेट, त्यावर रंगाला चिकटेल असं क्लिंग फिल्म, मग घट्ट झाकणाचा डबा आणि डबा फ्रीझरमध्ये. थंडीत ऑक्सिडेशन मंदावतं, चार-पाच दिवस रंग टिकतो. मात्र खाण्याच्या वस्तू ठेवतात त्या फ्रीझरमध्ये सीलबंद डब्याशिवाय नाही. कॅडमियम, कोबाल्ट असलेलं पॅलेट तर तिथे नेऊच नये, त्याला क्लिंग फिल्म आणि स्टुडिओतली गार, सावलीची जागा. अंबर कुठेही ठेवलात तरी वाळणारच. तो रोज ताजा काढा.

---

जवसाचा_थेंब

लवंगेबद्दल असहमत. एका बैठकीत न संपणाऱ्या ओल्यावर-ओल्या कामात, शेवटच्या थरात, अगदी थोडं वापरलं तर चालतं. खालच्या थरांत नको हे मान्य.

---

खिडकी_उघडा

इथपर्यंत वाळण्याचं झालं. आता त्याच क्रियेची दुसरी बाजू. ऑक्सिडेशनमध्ये उष्णता बाहेर पडते. कॅनव्हासवर ती पसरून जाते, कळतही नाही. तेलाने माखलेली चिंधी चुरगाळून डब्यात टाकली की ती उष्णता आतल्या घड्यांत साठते. ऊब वाढली की क्रिया वाढते, क्रिया वाढली की ऊब. काडी नको, ठिणगी नको, काही तासांत धूर निघू शकतो. जवसाच्या तेलाचं हे लक्षण जगभर माहीत आहे, आणि घरातल्या स्टुडिओत रात्री दार लावून झोपणाऱ्याने ते विसरणं परवडत नाही.

चिंध्यांचं करायचं असं. काम संपल्यावर प्रत्येक चिंधी आणि टिश्यू उलगडून, एकेरी थरात, बाहेर दोरीवर किंवा सिमेंटच्या जमिनीवर. एकावर एक नाही. पूर्ण कडक होईपर्यंत, म्हणजे बरेच दिवस, तशीच. जागा नसेल तर झाकणाचा धातूचा डबा, अर्धा पाण्याने भरलेला, चिंध्या त्यात बुडलेल्या. डबा घराबाहेर. प्लास्टिकच्या कचरापेटीत कधीच नाही. ढिगातली चिंधी हाताला कोमट लागली आणि जळक्या तेलासारखा उग्र वास आला, तर तो ढीग घरात उलगडत बसू नका. तसाच चिमट्याने उचलून बाहेर पाण्यात बुडवा.

तेल लागलेला ॲप्रन धुऊन कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये फिरवणं हीही तीच चूक. धुण्याने तेल पूर्ण जात नाही आणि ड्रायर त्याला आयती ऊब देतो. ॲप्रन वेगळा धुवा, दोरीवर वाळवा.

पाण्यात मिसळणारे तेलरंग वापरले तर स्पिरिट टळतं, चिंध्यांचा धोका टळत नाही. त्यातलं तेलही वाळणारंच आहे.

आता वास. टर्पेंटाइनचा ज्वलनांक ३५ अंशांच्या आसपास, म्हणजे गरम दिवशी खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ पेट घेऊ शकते. चांगल्या प्रतीच्या गंधहीन मिनरल स्पिरिटचा ६० च्या पुढे. म्हणून घरात दुसरंच. पण 'गंधहीन' म्हणजे 'वाफहीन' नव्हे. वास नसल्याने माणूस जास्त वेळ हुंगत बसतो, एवढाच त्याचा तोटा. वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत साचतात. त्यामुळे छताजवळचा एक्झॉस्ट फॅन नुसताच गरगरतो. ओढणारा पंखा खालच्या अंगाला हवा, आणि त्याच्या समोरच्या बाजूने ताजी हवा आत यायला फट हवी. पंखा आणि हवेची वाट यांच्या मध्ये इझल, आणि हवा तुमच्या तोंडाकडून चित्राकडे जाणारी. उलट बसलात तर सगळी वाफ नाकावरून जाते.

हेपा फिल्टरचं यंत्र धूळ धरतं, वाफ नाही. कोळशाचा फिल्टर थोडी धरतो, पण भरला की संपला. खिडकीला पर्याय नाही. स्पिरिटचं भांडं वापरत नसाल तेव्हा झाकलेलं. नुसतं हे केलं तरी खोलीतली निम्मी तक्रार मिटते.

---

मागची_बाजू

चिंध्यांबद्दल अनुमोदन. स्पिरिट मुळातच कमी लागावं यासाठी कुंचले धुण्याची पद्धत बदला. आधी टिश्यूने पिळून रंग काढा, इथेच बहुतेक रंग निघून जातो. मग करडईच्या तेलात बुडवून पुन्हा पुसा. मग साबण आणि कोमट पाणी, फेस पांढरा येईपर्यंत, बहुधा तीन वेळा. शेवटी केसांना बोटांनी आकार देऊन आडवा ठेवा. उभा ठेवला तर पाणी मुठीत उतरतं, लाकूड फुगतं, धातूची पट्टी सैल होते आणि कुंचला केस गाळायला लागतो. केसांच्या मुळाशी, पट्टीच्या तोंडाशी रंग राहिला तर तिथे तो दगड होतो आणि चपट्या कुंचल्याचा झाडू होतो. हॉगचे (डुकराच्या राठ केसांचे) कुंचले मरतात ते बहुधा इथेच.

वापरलेलं स्पिरिट फेकू नका. उंच बरणीत दोन दिवस ठेवा, रंग तळाशी बसतो, वरचं स्वच्छ ओतून परत वापरा. तळाचा गाळ मोरीत नाही, घातक कचऱ्यात.

---

नवशिका

घरात लहान मूल असेल तर?

---

खिडकी_उघडा

रंग आणि स्पिरिट कुलपात, मुलाच्या उंचीच्या वर. स्पिरिटला पिण्याचे पेले-बाटल्या कधीही नाहीत, कारण रंगहीन द्रव पाण्यासारखाच दिसतो. लेड व्हाइट (शिशाचा पांढरा) घरात आणूच नका. कॅडमियम, कोबाल्टचा रंग ओला असताना फारसा त्रासदायक नाही. त्रास धुळीचा. म्हणून वाळलेला थर कोरडा घासायचा नाही. घासावाच लागला तर ओल्या सँडपेपरने, आणि नंतर ओल्या फडक्याने पुसायचं, झाडायचं नाही. गरोदर बाई घरात असेल तर स्पिरिटचं काम त्या काळात थांबवलेलं बरं, तेलावर आणि साबणावर निभावतं. जेवण, चहा स्टुडिओत नाही. कुंचला दातांत धरायची सवय असेल तर ती आजच सोडा.

ओली चित्रं जमिनीवर टेकवून ठेवू नका. दोन खिळ्यांवर, खालची कड जमिनीपासून दीड मीटर वर, वरची कड भिंतीपासून थोडी पुढे झुकलेली. मुलाचा हात पोचत नाही आणि धूळ रंगावर न बसता मागे बसते.

---

मागची_बाजू

भिंतीचा विषय निघालाच आहे तर. ओलं किंवा नुकतं वाळलेलं चित्र भिंतीकडे तोंड करून किंवा कपाटात ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पांढरी कॉलर महिन्याभरात लोण्यासारखी दिसायला लागली की लोक ट्यूबला दोष देतात. असं झालंच तर काही दिवस उजेडात ठेवा, बराचसा पिवळेपणा उतरतो.

आता कॅनव्हास, कारण घरात वेळ वाचवायला इथेच काटछाट होते. उघड्या कापडावर तेल गेलं तर वाळताना होणाऱ्या आम्लाने धागा कुजतो. म्हणून आधी साइझ (कापडाची छिद्रं बुजवणारा डिंकाचा हात), मग जेसो (रंग धरणारा पांढरा अस्तर-लेप). पीव्हीए डिंकाचा पातळ हात, वाळल्यावर ॲक्रिलिक जेसोचे ३ हात, एक आडवा, एक उभा, दोन हातांमध्ये काही तास. शेवटच्या हातानंतर लगेच रंगवू नका. जेसो वरून तासाभरात कोरडा वाटतो, आतलं पाणी जायला वेळ लागतो. तीन दिवस द्या. फार थंड खोलीत, म्हणजे १० अंशांच्या खाली, ॲक्रिलिकचा थर नीट जुळतच नाही, भुसभुशीत राहतो.

जेसो फार शोषक असेल तर रंगातलं तेल खाली ओढलं जातं आणि गडद भाग राखट, निस्तेज दिसायला लागतात. चित्रकार घाबरून तिथे आणखी काळा भरतो आणि चित्र गरजेपेक्षा गडद होतं. रंग बदललेला नसतो, चकाकी गेलेली असते. ओल्या बोटाने तेवढी जागा पुसून पाहा. ओलं असताना मूळ रंग दिसला तर निदान पक्कं. उपाय: भाग पूर्ण कोरडा झाल्यावर १ भाग जवसाचं तेल आणि १ भाग स्पिरिट कापडाला लावून पुसट फिरवा, दोन मिनिटांनी स्वच्छ कापडाने जवळजवळ सगळं पुसून काढा. फक्त निस्तेज जागीच, सगळ्या चित्रावर नाही. तेल मागे राहिलं तर तोच पिवळा डाग होतो.

७५ सेंमीच्या वरच्या चौकटीला मधली आडवी पट्टी हवीच. दमट दिवसांत कॅनव्हास सैल पडतो, म्हणून लगेच पाचरी ठोकत सुटू नका. हवा कोरडी झाली की तो परत ताणला जातो, आणि तेव्हा ठोकलेल्या पाचरी कोपरे फाडतात. खोलीची हवा स्थिरावली, तरी झोळ राहिला, तरच चारही कोपरे हलक्या हाताने, सारखे.

---

उत्तरउजेड

प्रकाशाबद्दल कुणीच बोललं नाही! घरात काम बहुधा सगळे झोपल्यावर होतं, म्हणजे दिव्याखाली.

पिवळ्या दिव्याखाली फिकट पिवळा आणि पांढरा यातला फरक डोळ्याला कळत नाही. सकाळी बघाल तर त्वचा कावीळ झाल्यासारखी. ५००० केल्व्हिनचे, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या पुढचे दिवे घ्या. सीआरआय ८० चा दिवा पांढरा दिसतो पण तांबडा मारून टाकतो, आणि व्यक्तिचित्रात तांबडा गेला की उरतं काय? पॅलेट आणि कॅनव्हास दोन्हींवर तोच दिवा, तितकाच उजेड. पॅलेटवर जास्त असेल तर मिसळताना रंग उजळ वाटतो, लावल्यावर चित्र गडद होतं.

ओला तेलरंग आरशासारखा असतो. दिवा चित्राच्या वरच्या कडेपेक्षा बराच उंच ठेवा आणि इझल वरून किंचित पुढे झुकवा, म्हणजे चकाकी डोळ्यांत न येता जमिनीकडे जाते. भिंत मध्यम राखाडी, कपडे मळकट रंगाचे. तांबड्या शर्टाची झाक ओल्या काळ्यात चक्क दिसते.

---

खर्डेघाशी

वाळण्याचं गणित झालं, आता पैशांचं. दोन्हींचा संबंध आहे. पैसे शेवटी मिळतात आणि शेवट वाळण्यावर अडतो.

पैसे तीन सारख्या हप्त्यांत घ्या. पहिला रेखाटन मान्य झाल्यावर आणि कॅनव्हास ताणायच्या आधी. दुसरा रंगाच्या पहिल्या थराचा फोटो पाठवल्यावर. तिसरा चित्र हातात देण्याआधी. दुसरा हप्ता मुद्दाम मधे ठेवला आहे, कारण ग्राहकाच्या शंका त्या फोटोवर निघाव्यात. अंडरपेंटिंगमध्ये नाकाचा कोन बदलायला वीस मिनिटं लागतात. शेवटच्या थरानंतर तोच बदल म्हणजे खरवड, नवे दोन थर आणि वर तीन आठवडे. मान्यतापत्रात लिहा: रेखाटनात दोन फेऱ्या, पहिल्या थरात एक, त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या पैशांत आणि वेगळ्या तारखेने. चित्राच्या प्रतिमेचा हक्क कुणाकडे राहील तेही तिथेच लिहा. कायदा देशागणिक वेगळा आहे, लिहिलेलं असलं की वाद होत नाही.

दर कसा लावायचा? क्षेत्रफळावर लावला तर ३० × ४० चं चित्र १,२०० चौरस सेंमी आणि ६० × ८० चं ४,८००, म्हणजे चौपट. काम चौपट होत नाही, ग्राहक पळतो. लांबी अधिक रुंदीवर लावला तर ७० आणि १४०, म्हणजे दुप्पट. सामान, जागा आणि वाळण्याचे दिवस धरता मोठ्या चित्रात हा दर थोडा कमी पडतो, म्हणून एक मीटरच्या पुढच्या बाजूला सरसकट चौथाई वाढ धरायची. छोट्या चित्रांना किमान रक्कम ठरलेली असावी. २० सेंमीच्या चेहऱ्यालाही डोळे दोनच असतात.

तासांची नोंद करताना कुंचल्याचे तास वेगळे आणि बाकीचे वेगळे लिहा. ताणणं, जेसो, फोटो, पत्रव्यवहार, पॅकिंग. तीन महिन्यांनी बेरीज करा. दर बहुधा तिथेच चुकलेला सापडतो.

उत्पन्न लाटांसारखं येतं, घरखर्च दरमहा एकसारखा असतो. स्टुडिओचं खातं वेगळं, आणि घराला त्यातून दरमहा ठरलेला 'पगार'. तो वर्षातल्या सगळ्यात हलक्या तीन महिन्यांच्या सरासरीवर बेतायचा, चांगल्या महिन्यावर नाही. घरातल्यांना हा आकडा आणि ओल्या चित्रांचं वेळापत्रक दोन्ही माहीत असलं की "चित्र तर संपलंय, मग पैसे कुठे आहेत?" हा प्रश्न उठत नाही.

---

सुकलेलं_पॅलेट

'पगार' पटला. घरात सलग तीन तास मिळत नाहीत ही खरी अडचण. त्यासाठी कामं दोन ढिगांत वाटावीत. वीस मिनिटांत होणारी: जेसोचा एक हात, कॅनव्हासला स्टेपल, कुंचले धुणं, फोटो, हिशेब, पार्श्वभूमीचा सपाट भाग. सलग वेळच लागणारी: चेहऱ्याचा ओल्यावर-ओला थर, हात, मोठ्या कडा मऊ करणं. मधे उठावं लागणार हे माहीत असताना दुसऱ्या ढिगातलं काही उघडायचं नाही. तासाभराने परत आलात की कड चिकट झालेली असते आणि कुंचला ओढला की रंग मळका होतो.

दोन तासांच्या बैठकीत रंगवायला दीड तासही मिळत नाही. १५ मिनिटं मांडामांड, २० मिनिटं आवराआवर आणि चिंध्या. चिंध्यांची वीस मिनिटं त्या दोन तासांतच धरा, नाहीतर नेमकी तीच राहतात.

---

नवशिका

वाचनखूण साठवली. शेवटचा प्रश्न. वार्निशला सहा महिने थांबा म्हणतात, ग्राहक तर वाळलं की घेऊन जातो. मग?

---

मागची_बाजू

सहा महिने ते वर्ष हा डमार (झाडाच्या राळेच्या) वार्निशचा जुना नियम. हल्लीच्या कृत्रिम रेझिनच्या काही वार्निशना तेवढं थांबावं लागत नाही, सगळ्यात जाड भाग आतपर्यंत घट्ट झाला की चालतं. बाटलीवरची सूचना वाचा आणि चाचणी करा. जाड पांढऱ्यावर नखाने हलकं दाबा. खूण उमटली तर आत ओलं आहे. नाही उमटली तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन गडद कोपऱ्यात फिरवा. बोळ्याला रंग आला तर अजून थांबा.

चाचणी जमली नाही तर चित्र वार्निशशिवाय द्या. मागे चौकटीवर पेन्सिलने लिहा: शेवटचा थर कधी, कुठलं मीडियम, वार्निश कधीनंतर. कॅनव्हासवर मागून लिहू नका, दाब पुढे उमटतो. वार्निशसाठी चित्र परत आणायचं हे मान्यतापत्रातच घाला. तोवर निस्तेज भागांना वर सांगितलेला तेलाचा हात पुरतो.

पॅक करताना रंगाला टेकेल ते सिलिकॉनचा लेप असलेलं कागदच हवं. बबलरॅप थेट लावलं तर फुग्यांचे गोल रंगावर उमटतात आणि जात नाहीत. कागदावर पुठ्ठ्याची कड अशी बसवा की पुढच्या बाजूला काहीच टेकणार नाही, मग बबलरॅप, फुगे बाहेरच्या अंगाला. ताजं चित्र गुंडाळू नका. गुंडाळावंच लागलं तर रंगाची बाजू बाहेर आणि नळकांडं जितकं जाड मिळेल तितकं, १५ सेंमीच्या खाली नाही.

---

खर्डेघाशी

आणि तिसरा हप्ता मिळाल्याशिवाय बबलरॅपला हात लावू नका.